सात नांग्या

मी आयुष्यात सर्वांत जास्त देणं लागतो ते सरांचं. त्यांचं पूर्ण नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना सोसत नसे. पुतणीच्या लग्नपत्रिकेत विनीत म्हणून नाव आलं, तेव्हासुद्धा ते म्हणाले होते, "आता मांडवात काही चुकलं तर माझ्यावर येणार."

कागदावर सही करायच्या आधी ते पेन हवेत धरून थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्याला विचारत, "घाबरलास का?"

"नाही सर" असं उत्तर आलं की पेनाला टोपण लागे. "मग परत बघ."

"हो सर, थोडासा" म्हटलं की सही होई. लहानशी, थरथरती, कागदाच्या कडेला अंग चोरून बसल्यासारखी.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, कुलूप लावून जिन्यापर्यंत जाऊन परत येणारा. सर तीनदा परत येत. चौथ्यांदा मला पाठवत, कारण आपण ओढून पाहिलं ते आठवतंय की कालचं आठवतंय, याची त्यांना खात्री नसे.

आमची प्रयोगशाळा कामणला होती. गोदामांच्या रांगेत एक गाळा, बाहेर दिवसभर ट्रकांची धूळ आणि आत दुहेरी दारामागे आम्ही चौघं. काम पेरूचं. पेरू बाहेरून हिरवा दिसतो, आतून पांढरा निघेल की गुलाबी हे कापल्याशिवाय कळत नाही. आणि बी लावून झाडाला फळ धरायला अडीच-तीन वर्षं जातात. एवढी वर्षं पाणी घालायचं, जागा अडवायची आणि शेवटी कापल्यावर निम्मी झाडं नको त्या रंगाची, असा तो धंदा. आमचं काम हे की रोप चार पानांचं असतानाच त्याच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा काढायचा, त्यातला डीएनए वेगळा करायचा आणि त्यावरची गराच्या रंगाची खूण शोधायची. त्या खुणेला आम्ही मार्कर म्हणायचो. यंत्रातून काढून दिव्यावर धरलं की दोन रेघा दिसल्या तर गुलाबी, एक दिसली तर पांढरा. पांढरी रोपं उपटून खताच्या खड्ड्यात, गुलाबी पुढे लागवडीला.

रोपं निर्मळला एका वाडीत शेडनेटखाली होती. वाडीतल्या बायका सरांना मागून 'भित्रा सायेब' म्हणत. त्यांची मुकादम सुमनमावशी तर समोरच म्हणे. सर रोपांच्या ट्रेभोवती दोरी बांधायला निघाले की ती विचारी, "सायेब, पेरूला काय वाघाचे दात आलेत?"

"मावशी, ह्या ट्रेला हात लावायचा नाही. झारीसुद्धा भोईर धरेल." भोईर म्हणजे मी.

"आम्ही जल्मभर वाडी केली ती काय पायानं केली?"

सर यावर हसत नसत. मावशीचं त्यांना खरंच पटे, आणि सवयीचे हात न विचारता चालतात म्हणून ते आणखी घाबरत.

पानांचे तुकडे बर्फाच्या डब्यात घालून निर्मळहून कामणला न्यायचे असत. मी स्कूटर चालवायचो, सर मागे बसून डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरायचे, बारशाला निघाल्यासारखे. मला धरायला त्यांचा हात मोकळा नसे. प्रत्येक खड्ड्याला "खड्डा!" म्हणून ओरडायचे. एकदा मी म्हणालो, "सर, मला दिसतोय." ते म्हणाले, "तुला दिसतोय हे मला कसं कळणार?"

माझी निवडही त्यांनी भीतीवरच केली. मी खाडीकाठच्या भात करणाऱ्या घरातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बीएस्सी झाल्यावर मी मुलाखतीला गेलो, तर माझ्या आधीचे तिघं इंग्रजीत खाडखाड बोलून बाहेर आले होते. मला सरांनी पिपेट दिलं आणि पाण्याचा एक थेंब नळीत सोडायला सांगितला. माझा हात असा कापायला लागला की थेंब नळीच्या काठावर लटकला. शेजारी बसलेले कंपनीचे साहेब हसले. सर उठून माझ्यामागे आले, वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "हात कापतोय, पण डोळा नळीवरून हलला नाही. ह्याला घ्या."

मग चार वर्षं ते मला शिकवत होते. डबा खाताना इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचून घेत. एमएस्सीचा अर्ज त्यांनीच आणला. मी म्हणालो, "जमेल का सर?" ते म्हणाले, "नाही जमणार असं वाटतंय ना? मग भर." पास झाल्यावर माझी आई पहिल्यांदाच कामणला आली, तेव्हा सर तिच्यासाठी स्वतः पानी आणायला गेले. पानी हा तिचा शब्द; त्या दिवशी सरही तोच म्हणाले. तिला वाटलं असेल, हा मोठा माणूस आपल्यातलाच आहे. परत जाताना ती मला म्हणाली, "ह्या मानसाला फसवू नको बरं."

मी त्यांना फसवलं, ते असं.

रोप इवलंसं असतं तेव्हा त्याला पट्टी बांधता येत नाही, बांधली तर ते वाकतं. म्हणून सरांनी युक्ती केली होती. प्रयोगशाळेत आमच्या प्लास्टिकच्या प्लेटला आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा घरं असतात. सरांनी रोपांचे ट्रेही अगदी तसेच, आठ बाय बारा कापून घेतले. ट्रेच्या तिसऱ्या, म्हणजे 'सी' ओळीतल्या पाचव्या घरातलं पान प्लेटच्या तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या घरात. रोपाला वेगळं नाव नाही. ते ज्या घरात उभं आहे तेच त्याचं नाव.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तीन ट्रेची पानं काढून झाली आणि यंत्र बिघडलं. दुरुस्त करणारा माणूस यायला आठ दिवस लागले. तोवर रोपं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. उकाडा भयंकर, कोकोपीटमध्ये, म्हणजे रोपांखालच्या नारळाच्या भुशात, ओल जास्त झाली आणि तिसऱ्या ट्रेमधल्या सात रोपांनी बुडाशी मान टाकली.

रविवारी सकाळी मी एकटाच वाडीत होतो. मेलेली रोपं चिमटीने काढली. ट्रेमध्ये सात खड्डे दिसायला लागले. शेजारीच जादा रोपांचा ट्रे होता, त्याच बियांचा पण न तपासलेला. मी बोटाने त्यातली सात रोपं उचलली, खड्ड्यांत बसवली, भोवती कोकोपीट दाबलं, झारी फिरवली. ट्रे पुन्हा भरल्यासारखा दिसला. मला बरं वाटलं.

भातशेती केलेल्या घरातल्या माणसालाच हे कळेल. लावणी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी आई मला शेतात न्यायची. जिथे रोप मेलेलं तिथे नवं रोप खोचायचं. त्याला नांग्या भरणं म्हणतात. शेतात मोकळी जागा दिसली की आई म्हणायची, "बघून जायचं नसतं रे, भरून जायचं." पाचवीपासून मी नांग्या भरल्या. त्या रविवारी मी विचार करून काही केलंच नाही. हाताने केलं.

बुधवारी निकाल आला. सर कागद घेऊन निर्मळला आले आणि ट्रेसमोर स्टुलावर बसून वाचू लागले. "सी-चार, गुलाबी. सी-पाच, पांढरा. सी-सहा, गुलाबी." मी उकिडवा बसून पांढरी उपटत होतो, गुलाबी रोपं पिशवीत लावून त्यांच्यावर नंबर लिहीत होतो. तिसऱ्या ट्रेच्या मध्यावर एक रोप उपटलं, तर त्याची मुळं अजून कोकोपीटला धरलेलीच नव्हती, अलगद हातात आलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आपण रोप बदललं होतं आणि नाव तेच ठेवलं होतं. सर वाचत होते त्यातला सात घरांचा निकाल मेलेल्या रोपांचा होता.

मला दरदरून घाम फुटला. कोणती सात घरं, तेही नक्की आठवेना. सुमनमावशी समोरून म्हणाली, "काय रे, भूत बघितलंस काय?" सर म्हणाले, "ऊन लागलं असेल, पाणी पी." मी पाणी प्यायलो आणि पुढचं रोप उपटलं. बोलायची तीच वेळ होती. पण घरी बापाने अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं की पोरगा शास्त्रज्ञ झाला. एवढी एक चूक कळली तर सर मला काढणार नाहीत, पण पुन्हा कधी माझ्या हातात ट्रे देणार नाहीत, असं माझ्या मनात आलं. आता या क्षणी नको, दुपारी सांगू, असं मी ठरवलं.

दुपारी सरांनी अंतिम यादी पुढे ओढली. पेन हवेत धरलं. चष्मा कपाळावर गेला.

"भोईर, घाबरलास का?"

"हो सर," मी म्हणालो. "खूप."

ते माझ्याकडे पाहून हसले. चार वर्षांत मी त्यांना इतकं समाधानाने हसताना पाहिलं नव्हतं. "शिकलास," म्हणाले आणि सही केली.

त्यानंतर त्यांनी चहा मागवला आणि कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. तरुणपणी ते दुसरीकडे एका रोपवाटिकेत होते. आंब्याच्या कलमांचे दोन वाफे शेजारी शेजारी, एका संध्याकाळी पाट्या बदलल्या गेल्या. कोणाच्या हातून ते कधी कळलं नाही, यादीवर सही मात्र सरांची होती. कलमं गेली. पाच वर्षांनी एक म्हातारा शेतकरी एसटीने आला, पिशवीतून एक आंबा काढून सरांच्या टेबलावर ठेवला आणि बसून राहिला.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"काही नाही रे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तासभर बसले आणि पाणी पिऊन गेले. आंबा मी कापला नाही. तिथेच सुकला." सरांनी चहा खाली ठेवला. "पाच वर्षं, भोईर. माणसाच्या पाच वर्षांवर आपण सही करतो."

मी कप न पिताच बशीत परत ठेवला. सरांना वाटलं, मला गोष्ट भिडली.

तिसऱ्या ट्रेमधून शेहेचाळीस रोपं गुलाबी म्हणून पुढे गेली. बरीचशी आमच्याच वाडीत लागली, थोडी तीन शेतकऱ्यांना चाचणीसाठी दिली. मी दर आठवड्याला त्या झाडांच्या रांगेतून फिरायचो आणि ती किती वाढली ते बघायचो. चांगल्या वाढणाऱ्या झाडाची भीती वाटावी, हे शेतकऱ्याच्या पोराला शोभत नाही. पण मला प्रत्येक नवी फांदी म्हणजे एक दिवस कमी झाल्यासारखा वाटे.

तुम्ही म्हणाल, पानं पुन्हा तपासता आली असती की. आली असती. पहिल्या वर्षी मी शेहेचाळीस झाडांची पानं गुपचूप काढली, एका पाकिटात घातली आणि फ्रीझरच्या तळाशी ठेवली. पाकिटावर काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तोच कबुलीजबाब झाला असता. ती तपासायला मात्र माझा हात गेला नाही. निकाल कळला की बोलावं लागणार होतं.

दोन महिन्यांनी ते पाकीट सरांना सापडलं. आमच्या प्रयोगशाळेत नाव नसलेली वस्तू! ते दोन्ही हातांत धरून उभे राहिले, बाजारात कोणाचं चुकलेलं पोर सापडावं तसे.

"भोईर, हे कोणाचं?"

"माहीत नाही सर."

ते माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मग त्यांनी मार्कर पेनने पाकिटावर 'अनोळखी' असं लिहिलं, वहीत नोंद केली, आणि नोंद झाल्यावरच ते कचऱ्यात टाकलं.

गेल्या वर्षी सरांनी काम सोडलं. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. एकदा दिव्यावर त्यांना एका रेघेच्या दोन दिसल्या, मी म्हणालो, "सर, एकच आहे," आणि त्यांनी पुन्हा पाहून मान हलवली. आठवड्यात राजीनामा दिला. "डोळ्यांनी काही करायच्या आधी मी निघतो," म्हणाले. वाईजवळ त्यांच्या भावाचं घर आहे, तिथे गेले. निघताना निर्मळच्या बायकांनी ओंजळभर सोनचाफा दिला. सुमनमावशी म्हणाली, "सायेब, आता तिथं कोनाला भीती घालनार?" आणि पदराने तोंड पुसलं. सर कंपनीच्या साहेबांना म्हणाले, "माझ्यानंतर सही भोईर करेल. मी खात्री देतो." त्यांनी कोणाची खात्री दिलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

या उन्हाळ्यात झाडांना भरघोस कळी आली. कंपनीने ठरवलं की याच झाडांच्या फांद्या घेऊन कलमं बांधायची आणि शेकडो शेतकऱ्यांना द्यायची. यादी माझ्या टेबलावर आली. खाली सरांची ती अंग चोरलेली सही आणि तिच्या शेजारी माझ्या सहीची रिकामी जागा. मी दोन दिवस यादी खणात ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली, आमच्या वाडीतल्या आणि तिघा शेतकऱ्यांकडच्या मिळून शेहेचाळीस झाडांची पानं घेतली. या वेळी प्रत्येक पाकिटावर नंबर घातला. दुपारी यंत्र लावलं. दोन तास मी त्याच्यासमोरून उठलो नाही.

त्याच आठवड्यात मी सरांना पत्र पाठवलं. त्याला सव्वा महिना झाला. उत्तर नाही. त्यांच्या भावाच्या घरचा फोन वाजतो, कोणी उचलत नाही. रागावलेत की आजारी आहेत की त्याहून वाईट काही, हे मनात येतं आणि मी कामाला लागतो. पत्राची प्रत माझ्याकडे आहे, ती अशी:

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.

तिसऱ्या ट्रेच्या यादीवर तुम्ही सही केलीत त्या दिवशी यादी चुकीची होती आणि मला ते माहीत होतं. पानं काढून झाल्यावर सात रोपं मेली होती. मी त्यांच्या जागी जादा ट्रेमधली रोपं लावली. कोणी सांगितलं नव्हतं. घरी भातात भरतो तशा मी नांग्या भरल्या. तुमचा निकाल बरोबर होता, रोपं बदललेली होती. फ्रीझरमधलं पाकीटही माझंच होतं.

मी काल शेहेचाळीस झाडं तपासली. चव्वेचाळीस गुलाबी आहेत. दोन पांढरी आहेत, एक आपल्या वाडीत आणि एक निर्मळच्या चाचणीवाल्या काकांकडे. कंपनीच्या साहेबांना मी सांगितलं. ते म्हणाले, दोन्ही झाडं काढून टाक, विषय संपला, कागद कशाला करतोस. पण काकांच्या झाडाला फळं धरली आहेत आणि त्यांनी नातेवाइकांना गुलाबी पेरूचं आवतण देऊन ठेवलं आहे. म्हणून मी आज सकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पांढरा तर पांढरा, पेरूच हाय ना. पन तू तीन वर्सं माझ्या ओटीवर बसून च्या पीत व्हतास आनि गप व्हतास?" त्यांनी चहा विचारला नाही.

आईलाही सांगितलं.

सर, तुम्ही मला घेतलंत म्हणून मी आज कोणीतरी आहे, आणि मी तुमच्या नावाखाली तुमच्या नकळत चूक ठेवली. त्या दिवशी चहा पिताना तुम्ही आंब्याची गोष्ट सांगितलीत, तेव्हा तरी बोलायला हवं होतं. माफी मागायची तर ती कोणत्या तोंडाने, ते कळत नाही. तरी मागतो.

सोबत दुरुस्तीचं पत्रक जोडलं आहे. त्यात चूक कोणाची ते माझ्या पूर्ण नावाने लिहिलं आहे. तुमची सही नको आहे. मी आकडे तीनदा ताडून पाहिलेत, पण हे काम मी पहिल्यांदाच एकटा करतो आहे. कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि कुठे शंका आली तर तिथे पेन्सिलीने फक्त खूण करून परत पाठवा. रागावून एक अक्षरही लिहू नका, पण खूण करा.

कलमं बांधायला गणपतीनंतर सुरुवात होईल. तोवर मी यादी अडवून धरली आहे. तुमच्याकडून काहीच आलं नाही तर मला एकट्याच्या सहीने पुढे जावं लागेल, आणि सर, मला तसं जायचं नाही.

आपला आज्ञाधारक,
भोईर